खाडीकडे तोंड केलेले बूट

"कडी वर आहे," कहुरांगी म्हणाली, "पण ती मी उघडणार नाही."

फाटकापलीकडचा माणूस हसला. खाडीवरचं धुकं त्याच्या भुवयांवर बारीक थेंब होऊन बसलं होतं. अंगात फेरीबोटीवरच्या लोकांचं पिवळं जॅकेट होतं.

"मी अनारू. पिपीचा मामा. तिला न्यायला आलोय."

"कोण नेणार ते पिपीच्या आईनं आधी कळवायचं असतं. तिनं कळवलेलं नाही."

"आमची ताई जरा विसरभोळी आहे हो."

"असेल. बालवाडी विसरभोळी नाही."

"बरं, पिपीलाच विचारा. ती तर ओळखते ना मला?"

चार वर्षांची पिपी कहुच्या आडून पुढे आली. मामाला तिनं बुटांपासून केसांपर्यंत नीट न्याहाळलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मी याला ओळखत नाही."

मग तोंडावर हात ठेवून फिस्सकन हसली. कहुलाही हसू आवरेना... आणि ते त्या माणसानं पाहिलं, हे तिनंही पाहिलं.

"अगं, घे त्याला आत!" मागून आईचा आवाज आला. रिरिया लाल गमबूट घालून पायऱ्या उतरत होती. या बालवाडीची मुख्य शिक्षिका आधी ती होती, आता तिची मुलगी. तरी सगळ्या मुलांची ही नॅनी, म्हणजे आजी, दुपारी त्यांना झोपवायला अजून यायचीच. "हा हेनीचा धाकटा. याला थोपटून थोपटून माझा खांदा गेला. डोळे मिटायचा आणि एक उघडा ठेवायचा, लबाड!"

"नॅनी! तू अजून इथेच?"

"मी कुठे जाणार?" रिरिया म्हणाली. "कहु, धक्क्यापर्यंत सोड यांना. दार मी लावते."

"आई, मला अजून आवरायचंय—"

"जा गं. रोज आवरतेसच. जा."

कहु गेली. पिपी पुढे उड्या मारत होती, मागून ही दोघं. पलीकडच्या तिवरांत भरतीचं पाणी शिरत होतं.

"फाटक एवढं घट्ट लावून घेता," अनारू म्हणाला, "उद्या मी आलो तर?"

"कळवून आलात तर उघडू."

"आत्ताच कळवतो. उद्या येणार. परवा येणार. तेरवा—"

"पुरे!" ती हसत सुटली. बोटीनं धक्का सोडला तरी ती हसतच होती.

परत आली तेव्हा झोपायच्या खोलीत दिवा नव्हता. आई तिच्या नेहमीच्या बुटक्या खुर्चीत होती. मान छातीवर कलली होती आणि उजवा हात शेजारच्या रिकाम्या गादीवर होता, जणू आत्ताच कुणाचा तरी डोळा लागला होता.

*

कहुच्या लोकांत मेलेल्या माणसाशी बोलतात. गावाच्या सभाघरात शवपेटी उघडी असते. माणसं येतात, गेलेल्याशी भांडतात, त्याची थट्टा करतात, रडतात आणि शेवटी त्याला निरोप देतात. जा, रिरिया, जा. तुझी वाट बघताहेत त्यांच्याकडे जा. सगळं गाव तसं म्हणून गेलं. कहु उशाशी बसून राहिली. तिच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. आईनं तिला म्हटलेला शेवटचा शब्द तोच होता. ती गेली होती, आणि आई एकटी असताना ती धक्क्यावर हसत होती.

आईच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिच्याबरोबर पेटीत ठेवल्या. तिचा कंगवा, चष्मा, शाल. "गमबूट कुठेत?" मातिउ आजोबांनी विचारलं. ते गावातले वडीलधारे, खाडीपलीकडे राहणारे. प्रार्थना तेच म्हणतात.

"सापडत नाहीत," कहु म्हणाली. बूट तिच्या गाडीच्या डिकीत होते.

दफनानंतर आजोबांनी बालवाडीत येऊन खोलीखोलीतून प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. मग सगळे तिथेच जेवले आणि खोली मुलांसाठी मोकळी झाली. सोमवारी कहुनं बूट आणून दाराशी आईच्या जागी ठेवले. एवढंच हवं होतं तिला. येता-जाता दिसावेत.

बालवाडीचा नियम असा, की गमबूट भिंतीकडे टोकं करून ठेवायचे. मुलंही तो मोडत नसत. मंगळवारी सकाळी लाल जोड खाडीकडे तोंड करून होता.

तिनं तो वळवून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. आता बुटांच्या तळांना ओला चिखल होता, तिवरांतला, काळा, खारट वासाचा. तिनं बूट धुतले, पुसले, वाळवले. सकाळी पुन्हा चिखल.

मुलं मात्र खुशाल होती. दुपारी गाद्या घातल्या की पटापट झोपत. आणि दाराबाहेर उभ्या कहुला आतून ऐकू येई... दोन हलक्या थापा, जरा थांबून तिसरी. आईचंच थोपटणं. दार उघडलं की नुसते श्वास.

ती घाबरली नाही. खरं सांगायचं तर ती दुपारची वाट बघू लागली.

अनारू रोज यायचा. "कळवून आलोय," फाटकापाशी म्हणायचा. ती कडी काढायची, पिपीचा हात त्याच्या हातात द्यायची आणि नजर दप्तराच्या पट्ट्याकडे ठेवायची.

"माझं काही चुकलं का?" एकदा त्यानं विचारलंच.

"नाही."

"मग... धक्क्यापर्यंत?"

"मला आवरायचंय," ती म्हणाली.

तो गेला नाही लगेच. दाराकडे बघत होता. लाल बुटांवर त्याची नजर थांबली. त्याला कळलं हे तिला समजलं.

*

आणि मग तो धुक्याचा दिवस आला. दुपारपासून खाडी दिसेनाशी झाली, पलीकडच्या काठावर फेरीबोट अडकली. बाकीची मुलं गेली. उरली एकटी पिपी, मामाच बोटीवर म्हणून. कहुनं तिला गादीवर निजवलं. दुसरी शिक्षिका मागे वाळूच्या हौदावर ताडपत्री ओढत होती.

आतून थापा ऐकू आल्या. दोन... आणि एक. कहु दाराला टेकून ऐकत राहिली. जरा जास्तच वेळ.

मग थापा थांबल्या.

तिनं दार उघडलं. गादी रिकामी होती. पांघरूण लांबट घडी घालून उशाशी ठेवलेलं होतं. तशी घडी फक्त आई घालायची.

"पिपी?"

दाराशी लाल बूट नव्हते. फाटक सताड उघडं होतं. त्या कडीला पिपीचा हात पोचणं शक्य नव्हतं. खुर्चीवर चढूनही नाही.

कहुनं मागे एकच हाक मारली आणि ती पळत सुटली. धुकं इतकं दाट, की स्वतःचे हात दिसेनात. पुढे कुठेतरी चिखलात पावलं वाजत होती. पचक्... पचक्... जड बुटांची, सावकाश, कुणाला तरी सांभाळून नेत असल्यासारखी.

"पिपी! थांब! पाण्याकडे जाऊ नकोस!"

पावलं थांबली. ती धावत उतारावर पोचली. धक्क्याच्या टोकाशी, पाणी जिथे सुरू होतं तिथे, पिपी उभी होती. लाल बूट तिच्या मांड्यांपर्यंत आले होते. तिचा एक हात वर होता, शेजारच्या मोठ्या माणसाचा हात धरावा तसा. शेजारी कुणी नव्हतं.

कहुनं तिला उचलून छातीशी दाबलं. बूट गळून पडले.

"मावशी, रडतेस का?" पिपी म्हणाली. "नॅनी म्हणाली, मामा येतोय, चल. तिनं कडी काढली."

"काय... अजून काय म्हणाली नॅनी?"

"ती दमलीये. तिला पलीकडे जायचंय. पण तू आवरत बसलीयेस म्हणे." पिपीनं जांभई दिली. "तिचा हात गार होता. मी चोळून दिला."

धुक्यात घंटा वाजली. आधी पिवळा दिवा दिसला, मग बोटीचा नुसता आकार. ती अजून नीट टेकलीही नव्हती, तेवढ्यात अनारूनं उडी मारली.

"धुक्यात दिसलीस तू," तो धापा टाकत म्हणाला. "तू, पिपी, आणि तुझ्याशेजारी—" तो थांबला. "तुम्ही तिघी दिसलात."

त्यानं पिपीला कडेवर घेतलं, जॅकेट काढून कहुच्या खांद्यावर टाकलं. जॅकेटला डिझेलचा आणि समुद्राचा वास होता. मग त्यानं खाली बघितलं.

"हे तिच्याबरोबर जायला हवे होते ना?"

"हो."

"उद्या मातिउ आजोबांना पहिल्या बोटीनं आणतो. बूट तिच्याजवळ पुरू. प्रार्थना ते म्हणतील." तो अडखळला. "पण एक गोष्ट त्यांनी म्हणून भागायची नाही, कहु. सभाघरात मी मागे बसलो होतो. सगळे बोलले. तू..."

"मी इथे हसत होते," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर. ती मरत होती तेव्हा."

"माहीत आहे." त्यानं नजर वळवली नाही. "पण तिनंच पाठवलं होतं तुला. लबाड होती ती. मुलांना झोपवताना तिचाही एक डोळा उघडा असायचा."

कहु रडत रडत हसली. मग खाली वाकून तिनं बूट उचलले. तळांचा चिखल हातानं पुसला. एकाशेजारी एक नीट ठेवले, टोकं पाण्याकडे. ओहोटी लागली होती. दगडांवरून पाणी सावकाश मागे सरत होतं.

"आई," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "आई, खोली मी सांभाळते. मुलं झोपतात माझ्याजवळपण... थोडा वेळ लागेल, पण झोपतील. तू दमलीस ना? मग... जा, आई. जा."

धुक्यात पचक् असा आवाज झाला. एकदाच. मग नुसतं पाणी.

अनारू बोटीकडे वळू लागला. पिपी त्याच्या खांद्यावर झोपून गेली होती.

"तू नको जाऊ," कहु म्हणाली. "तू थांब."