दारावरचं नाव

अंधेरीच्या एका पोळी-भाजी केंद्रासमोर संघमित्रा मान वर करून पाटीचा फोटो काढत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "त्या 'ळ'चं पोट जरा जास्तच सुटलंय, नाही?"

तिने वळून पाहिलं. हातात गरम पोळ्यांची पुडी, भुरभुर पावसाने ओले झालेले केस, आणि ओळख नसतानाही ओळखीचं वाटणारं हसू.

"रोज इथेच जेवत असेल तो," ती म्हणाली.

मुलगा खळखळून हसला. "टायपोग्राफीवाली आहेस ना? पोळ्या सोडून पाटी कोण बघतं! नलिनी मॅडमचा निबंध?"

तो सुयोग राणे. तिच्याच कॉलेजात, एक वर्ष पुढे. अक्षरकलेवरच्या निबंधासाठी संघमित्राने सुचवलेले तीन विषय मॅडमनी एकामागून एक परत पाठवले होते. "हे सगळं पुस्तकातलं आहे. तुझ्या डोळ्यांसमोरची अक्षरं बघ," एवढंच म्हणायच्या. डोळ्यांसमोर तर सगळ्या मुंबईभर अक्षरंच अक्षरं! त्यातलं कुठलं उचलायचं?

"मी मदत करू?" सुयोगने विचारलं.

"त्याबदल्यात काय हवं?"

"चहा... रोज."

मग ते भटकले. वर्सोव्याला होड्यांवरची नावं पाहिली, गोरेगावला लग्नाच्या हॉलांचे फलक. चहाच्या टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून त्याने तिचं नाव लिहिलं. 'त्र'पाशी थांबला आणि म्हणाला, "अख्ख्या नावात हाच अवघड आहे बघ." "मग हळू लिही," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. त्या दिवशी मुलुंडला घरी पोहोचेपर्यंत ती उगाचच हसत होती.

विषय सापडला तोही गप्पांतूनच. "आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत प्रत्येक दारावर वेगळी पाटी आहे," सुयोग म्हणाला. "पितळी, लाकडी, दिव्यांची... येतेस?"

रविवारी ती गेली. मजल्यामागून मजला चढताना, फोटो काढताना ती हरखून गेली. एका दारावर वारलेल्या आजोबांचं नाव अजून पितळेत चमकत होतं, त्याखाली आजीचं नाव साध्या रंगाने नंतर लिहिलेलं. "सुयोग, हाच विषय! दारावरची नावं!" तिने आनंदाने त्याचा दंड धरला. त्याने हात काढून घेतला नाही. तिनेही नाही.

तिसऱ्या मजल्यावर त्याच्या आईने दार उघडलं. काकूंचा चेहरा गोल, प्रेमळ होता. हात कोकमाने रंगले होते.

"आई, ही संघमित्रा. माझ्या कॉलेजातली."

"ये गो ये! नाव जरा येगळा आसा, पण गोड आसा. आडनाव काय गो तुजा?"

संघमित्राने तोंड उघडलं, पण सुयोग आधीच बोलून गेला होता.

"सावंत. कुडाळची आहे ती."

"म्हंजे आमच्याच बाजूची!" काकूंनी तिला हाताला धरून आत बसवलं, सरबत दिलं, तिच्या गालावरून हात फिरवला. कुडाळात कोण कोण आहे, विचारत राहिल्या. संघमित्रा मान खाली घालून सरबताचे घोट घेत राहिली. तिचे बाबा लातूरकडचे. घरात हॉलमध्ये बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. आणि दारावर ठसठशीत अक्षरांत आडनाव: सोनकांबळे.

जिन्यात आल्यावर तिने विचारलं, "का?"

"घाबरलो गं..." सुयोग खाली बघत म्हणाला. "म्हटलं, आधी तू तिला आवडून जा. मग सांगू हळूहळू. संघमित्रा, मला तू... मला तुझ्याशिवाय करमत नाही यार. तुला गमवायचं नव्हतं, म्हणून."

हे ऐकण्यासाठी ती किती दिवस थांबली होती! आणि आता ऐकताना डोळे भरून येत होते, ते आनंदाने नव्हे.

"मग आत्ता वर जा. खरं सांग. मी इथेच थांबते."

त्याने कठड्यावर हात ठेवला. एक पायरी चढला. मग थांबला. "आज नको ना... ती आज किती खुश आहे, बघितलंस ना?"

"बघितलं. दुसऱ्याच मुलीवर खुश आहे."

ती त्याच्या बाजूने वर गेली आणि तिने बेल वाजवली.

"काकू, मी सावंत नाही. सोनकांबळे. आम्ही बौद्ध आहोत. सरबत छान होतं, आणि तुमच्याशी खोटं बोलून जायला मला बरं वाटेना."

काकूंनी रंगलेले हात पदराला पुसले. त्या चिडतील, दार लावतील, काहीही करतील अशी तिने तयारी ठेवली होती. पण त्यांनी दुखावलेल्या आवाजात एवढंच विचारलं, "मगे तेना माका खोटा कित्याक सांगल्यान?"

"ते त्यालाच विचारा, काकू."

सुयोगने सगळं ऐकलं होतं. खाली येताना त्याने तिचा हात धरला. तिने क्षणभर धरू दिला.

"मी बदलेन," तो म्हणाला. "खरंच."

"बदल. माझ्यासाठी नको, पण बदल," ती म्हणाली. "मलाही तू खूप आवडतोस, सुयोग. म्हणून तर इतकं लागलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं ना, तर मी भांडून मोकळी झाले असते."

तिने हात सोडवून घेतला आणि मागे न बघता फाटकाबाहेर पडली. रिक्षात बसल्यावर मात्र तिला रडू आवरेना.

सोमवारी नलिनी मॅडमनी विषय लगेच मान्य केला. "फोटो काढलेस?"

"काढते. सगळे नव्याने, आमच्याच दारापासून," ती म्हणाली.

दुपारी कँटीनच्या दारात सुयोग उभा होता. त्याने अर्धवट हात वर केला. तिनेही केला. तो पुढे येईल की काय असं वाटून तिची पावलं मंदावली... पण तो आला नाही, आणि तीही थांबली नाही. तास सुरू व्हायचा होता.