एका जिन्याचं अंतर

"आज ताई येणार म्हणजे येणारच!" टकल्याने कार्यालयाच्या फाटकातच जाहीर केलं. सुट्टी लागली की डोक्याचा चकोट करायची त्याला हौस, म्हणून तो टकल्या.

"तू काय ज्योतिषी आहेस?" ढापणीने त्याला गप्प केलं. शांतोबाचा चेहरा आधीच एवढासा झाला होता.

शांतोबा ढापणीच्या मावशीकडे राहायचा. आईवडील नसलेल्या मुलांना घरं मिळवून देणाऱ्या या कार्यालयाने त्याला शिलाईकाम करणाऱ्या मावशीकडे सोपवलं होतं, आणि त्याच्या ताईला नदीपलीकडच्या एका कुटुंबाकडे. दर शनिवारी दोघांनी इथे भेटायचं. पण सुट्टी लागल्यापासून ताई एकदाही आली नव्हती. आजही आली नाही, तर इथले लहान मुलांचं काम बघणारे साहेब त्याला दूरच्या शहरात दुसऱ्या घरी पाठवणार होते. "बहिणीलाच ओढ नाही, मग इथे ठेवून काय करायचं?" म्हणे! मावशीच्या विनवण्यांचा काही उपयोग झाला नव्हता. ढापणीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

साहेब शांतोबाला तळमजल्यावरच्या भेटीच्या खोलीत घेऊन गेले. बाकीची दोघं अंगणात थांबली. वेळ जाता जाईना. ढापणीने सहज वर पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वरच्या खिडकीत एक मुलगी फाटकाकडे डोळे लावून बसली होती.

"ए, तिचे सुपासारखे कान बघ!"

"अरेच्चा! हे तर शांतोबाचेच कान!"

दोघं दाराकडे धावली. "मुलांनी वर जायचं नाही!" शिपाईकाका गरजले.

टकल्याने लगेच पोट धरलं. "आई गं! मेलो, मेलो!" आणि पायरीवर लोळणच घेतली. बिचारे शिपाईकाका पाणी आणायला पळाले आणि ढापणीने जिना गाठला.

वर मोठ्या मुलांचं काम बघणाऱ्या बाई कपाट आवरत होत्या. मुलगी खिडकीतून हललीही नव्हती. "आजही नाही आला," ती म्हणाली. "विसरला मला."

"विसरला? अगं, तो खाली तुझीच वाट बघतोय!"

"खाली?" बाई दचकल्या. "तिथे रंगकाम चाललंय ना?"

रंगकाम कधीच संपलं होतं! पण बाई ताईला वर बसवत राहिल्या, साहेब शांतोबाला खाली. भाऊ आला नाही, बहीण आली नाही, असं सांगून दोघेही मोकळे. जिना उतरून विचारायचे कष्ट कोण घेतो!

ताई धावत खाली गेली. शांतोबा उठला, पण जवळ आला नाही.

"का नाही आलीस?"

"येत होते रे! वर बसायचे!"

मग मात्र दोघं एकमेकांना बिलगून ढसाढसा रडली. गलका ऐकून कार्यालयाच्या मुख्य बाई बाहेर आल्या. ढापणीने त्यांना सगळं सांगितलं. साहेबांची मान खाली गेली.

"कुठेही पाठवायचं नाही त्याला," मुख्य बाई म्हणाल्या. "शाबास पोरी! आम्हा मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत."

"शाबासकी राहू दे. त्याला एकदा विचारा ना! त्याला कुणीच काही विचारत नाही."

मुख्य बाई शांतोबासमोर खाली बसल्या. "बोल बाळा. तुला काय हवंय?"

त्याने ताईचा हात घट्ट धरला.

"पुन्हा कधी ताई आली नाही असं सांगायचं असेल," शांतोबा म्हणाला, "तर आधी तिला शोधा."