शेखरने माझं काम सोडलं

हिंजवडीहून सुटलेली कंपनीची कॅब वाकडच्या पुलाआधीच अडकली. शेजारी बसलेला मुलगा लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होता. सहज नजर गेली... आणि मी दचकले. स्क्रीनवर चक्क माझं नाव! खाली तो लिहीत होता — ‘बैजवार हा शब्द प्रमाण मराठीत नाही. नामंजूर.’

“ओ, बैजवार म्हणजे नीट, व्यवस्थित. आमच्या लातूरला रोज बोलतात,” मी म्हणाले.

त्याने वळून पाहिलं. “तुम्ही... वर्षाली?”

“हो. नामंजूर वर्षाली.”

त्याचे कान लाल झाले. त्याचं नाव शेखर. घर रहाटणी गावठाणात, म्हणजे आमच्या सोसायटीपासून पाच मिनिटांवर. मराठी शुद्धलेखन तपासणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे — फुकट, सगळ्यांसाठी खुलं. कुणीही घरबसल्या त्यात भर घालावी. ती घ्यायची की नाही, हे शेखरसारखे जुने लोक तपासून ठरवतात. मी आमच्याकडचे शब्द पाठवायला नुकतीच सुरुवात केली होती. इथे माझ्याजवळ राहणाऱ्या आईने गावी मेसेज लिहिला, की निम्म्या शब्दांखाली लाल रेघ उमटायची. ती म्हणायची, “मला मराठी येतच नाही वाटतं.” ते मला फार लागायचं.

हे मी शेखरला सांगितलं. त्याने लगेच ‘नामंजूर’ पुसलं.

मग रोज तो माझ्यासाठी खिडकीची जागा धरू लागला.

“आज किती शब्द?”

“मोजून देत नाही मी.”

“मग बघून दे की जरा... माझ्याकडे.”

असं बोलायचा, आणि घरी जाऊन माझ्या कामाखाली लिहायचा — ‘तुम्ही उदाहरण दिलेले नाही. कृपया दुरुस्त करावे.’ कॅबमध्ये तू, तिथे तुम्ही! नेमका खरा कोणता? मला काही कळेना.

आणि एक दिवस माझ्या कामाखाली त्याचं नावच नव्हतं. दिव्या नावाची कुणी नवीनच तपासत होती. खिडकीची जागा मात्र धरलेली... मी मुद्दाम मागे जाऊन बसले.

रहाटणी चौकात उतरल्यावर तो धावतच आला. “वर्षाली, थांब ना! चिडलीस?”

“माझं काम का सोडलंस? एवढं वाईट असतं?”

“चांगलं असतं.”

“मग?”

तो बॅगेचा पट्टा पिळत राहिला. “मीच कळवलं, हिचं काम दुसऱ्याला द्या म्हणून. तपासणारा तटस्थ लागतो गं. तू काहीही पाठवलंस तरी मला हो म्हणावंसं वाटतं... चूक दिसली तरी. हे बरोबर नाही ना?”

रिक्षा हॉर्न मारत बाजूने जात होत्या. मला हसू येत होतं, रडूही येत होतं — आणि तो आपला उत्तराची वाट बघत उभा!

“मला काही सुचत नाहीये, शेखर.”

“घाई नाही. मी थांबतो.”

“इथे चौकात नको थांबूस,” मी त्याची बाही धरली. “घरी चल. आई चहा ठेवेल. तिला सांगू... तू कोण ते.”

“आत्ता?”

“येतोस की नाही?”

“व्हय!” तो म्हणाला. मग घाईने “हो, हो... येतो” म्हणून सावरायला गेला. पण मी त्याची बाही सोडली नव्हती.