खाणीच्या रस्त्यावरची मोजणी

"बाजूला व्हा! अहो, आधी रस्त्यातून बाजूला व्हा!"

गाडीच्या खिडकीतून ओरडल्यावर मारेनला स्वतःचाच आवाज परका वाटला. खाणीच्या रस्त्यावर, डांबराच्या अगदी काठाला, एक माणूस सायकल उलटी करून चाकाशी झटापट करत बसला होता. धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं काहीतरी वरून पडत होतं. आणि मागच्या वळणावर खडीच्या ट्रकचे दिवे दिसायला लागले होते.

त्यानं मान वर केली. "बाजूला म्हणजे कुठं?"

खरंच होतं. पांढऱ्या पट्टीपलीकडं वीतभर खडी आणि त्यापुढं चर.

"चरात!"

सायकल उचलून तो मुकाट्यानं चरात उतरला. ट्रक गेला. मारेनची गाडी हादरली आणि समोरची काच चिखलानं भरून गेली.

"आता?" चरातून आवाज आला. "वर येऊ, की इथंच बिऱ्हाड करू?"

तिला हसू आलं नाही. स्टिअरिंगवरचे तिचे हात थरथरत होते. तो वर आला, त्यानं ते हात पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावरची गंमत मावळली.

"तुम्ही एवढ्या घाबरलात... माझ्यासाठी?"

"कुणासाठीही घाबरले असते."

"असं होय." तो पुन्हा चाकाशी बसला. "क्षणभर बरं वाटलं होतं."

त्याचं चाक नीट होईपर्यंत ती दिवे लुकलुकवत मागं थांबून राहिली. नाव मात्र विचारलं नाही. या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या माणसाचं नाव तिला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी याच वळणावर तिचे वडील गेले होते. शेजाऱ्याकडं जाऊन पायी परतत होते. ट्रकवाल्याला ते दिसलेच नाहीत. तेव्हापासून अल्डर फोर्क नगरपालिकेच्या नियोजन विभागात बसून ती एकाच गोष्टीमागं लागली होती: या रस्त्याला लागून, त्याच्यापासून दहा फूट हटून, चालायची नि सायकलची वेगळी वाट. पैसा नगरपालिकेच्या आवाक्यातला नव्हता. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सामायिक निधीतून यायचा, आणि त्या निधीवर आठ गावांचा डोळा होता.

दुसऱ्या दिवशी आठही गावांचे प्रतिनिधी काउंटीच्या पिवळ्या बसमध्ये बसले. दरवर्षीची ही रीत: प्रत्येक गावाचा प्रस्ताव सगळ्यांनी जागेवर जाऊन बघायचा, मग गुण द्यायचे. स्वतःच्या गावाला गुण द्यायचे नाहीत, एवढीच अट. समितीच्या प्रमुख लॉरेटा दारात डोनटचा खोका घेऊन उभ्या होत्या.

"मारेन, बाळा, मागं जागा आहे. वेस्टबेंचच्या नव्या इंजिनियरशेजारी. ओले मोजे आहेत त्याचे, तेवढं सांभाळ."

मारेन जागीच थबकली. तो खिडकीकडं सरकला.

"रीस जेप्सन," तो म्हणाला. "चरातला."

"तुम्ही... रोज त्या रस्त्यानं येता?"

"आठवड्यातून चारदा. मैत्रीण राहते अल्डर फोर्कला." तिचा चेहरा पाहून तो घाईनं म्हणाला, "माझी बहीण हो! तिच्या मुलांना गणित शिकवतो. बघत होतो, काही वाटतं का तुम्हाला."

"काही वाटलं नाही."

"दिसलं ते."

वेस्टबेंचला एक जुना पूल रुंद करायचा होता. प्रस्ताव चांगला होता. या वर्षीच्या निधीत एकतर तो पूल बसत होता, नाहीतर तिची वाट. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून पुलावर दोघंही एकमेकांपासून लांब उभे राहिले.

बस खाणीच्या रस्त्याकडं वळली. रीस तिच्या प्रस्तावाची पानं चाळत होता. एका पानावर तो थांबला. पुन्हा मागं गेला.

"मारेन," तो अगदी हळू म्हणाला, "पायी जाणारी शाळेची मुलं... अकरा?"

"मीच मोजली. दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी."

"त्या शुक्रवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो म्हणून सुट्टी होती. काउंटीतली एकही शाळा उघडी नव्हती. ही अकरा कुठून आली हेच नवल आहे."

तिनं पान ओढून घेऊन तारीख पाहिली. इथं जन्मलेल्या माणसानं शिकारीचा आठवडा विसरावा? घरोघरी शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं वाळत घातलेली असतात! आणि मग तिला उमगलं. ती विसरली नव्हती. त्या दिवशी रस्ता रिकामा असेल, खाणही बंद असेल, हे तिच्या भीतीला बरोब्बर ठाऊक होतं. भीतीनंच दिवस निवडला होता.

अकरा मुलांसाठी कोण वाट बांधणार?

"हे तुम्ही कशाला सांगितलंत?" तिनं विचारलं. "गप्प बसला असतात तर पूल तुमचाच होता."

"होता ना. मलाही आत्ता तेच वाटतंय."

मारेननं स्वतःच जाऊन चूक सांगितली, तेव्हा लॉरेटांनी चष्मा कपाळावर चढवून ऐकून घेतलं. "दुरुस्ती शुक्रवारी दुपारपर्यंत. मोजणी शाळेच्या दिवशी, आणि दुसऱ्या गावाचा साक्षीदार हवा. आहे कुणी?"

बसमध्ये प्रत्येकाला एकदम काही ना काही काम आठवलं.

"मी येतो," रीस म्हणाला.

"स्वतःच्या पुलाविरुद्ध?" मागून कुणीतरी ओरडलं. "तुझे महापौर तुला त्याच पुलावरून खाली टाकतील!"

"पोहता येतं मला."

गुरुवारी सकाळी सव्वासातला मारेनची गाडी वळणावर उभी होती. ती आतच बसून होती. हात दाराच्या कडीवर होता, पण कडी ओढवत नव्हती. गवतावर दहिवर गोठलं होतं. एक ट्रक गेला. मग दुसरा. प्रत्येक वेळी तिचे डोळे आपोआप मिटत होते.

रीस काचेशी आला. त्यानं टकटक केलं नाही. नुसता उभा राहिला, रस्ता आणि तिचं दार यांच्या मधोमध.

तिनं काच खाली केली. "माझे वडील इथं..."

"बहिणीनं सांगितलं काल." तो म्हणाला, "आतून मोजलंत तरी चालेल. साक्षीदार म्हणून माझी हरकत नाही."

"आतून ओढ्याकडची मुलं दिसत नाहीत."

"मग?"

ती उतरली. त्यानं तिच्या हातात मोजणीचं बटणयंत्र दिलं, आणि देताना बोटं क्षणभर अधिक थांबली... की तिला तसं वाटलं?

मुलं यायला लागली. एकेकटी, जोडीजोडीनं, दप्तरं हलवत, त्या वीतभर खडीवरून तोल सावरत. तीस. बावन्न. मारेनचा अंगठा चालत होता. एकाहत्तराव्या मुलीचा पाय गोठलेल्या खडीवरून घसरला. समोरून ट्रक होता. मारेन किंचाळली, पण तिच्या आधी रीस धावला होता. दप्तराला धरून त्यानं पोरीला मागं खेचलं, आणि ट्रकचा वारा दोघांच्या अंगावरून गेला.

"माझा डबा सांडला!" पोरगी रडायला लागली.

मारेन खडीवर बसली. रीस तिच्याशेजारी येऊन टेकला. त्याचाही चेहरा पांढराफटक पडला होता.

"मोजलं का हिला?" त्यानं विचारलं.

"मोजलं."

शेवटचा आकडा चौऱ्याण्णव झाला. सही करताना त्याचं नाव वेडंवाकडं आलं.

पुढच्या बुधवारी गुण वाचून दाखवले गेले. तीन गुणांनी वाट पुलाच्या पुढं गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉरेटांनी मारेनला मिठीत घेतलं. मारेन बाहेर आली तेव्हा तो सायकलचं कुलूप काढत होता.

"सुरक्षिततेचे तीसपैकी अठ्ठावीस दिलेस मला," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिच्या लक्षातही आलं नाही. "दोन कुठं गेले?"

"वाटेवर दिवे नाहीत तुझ्या नकाशात. हिवाळ्यात पाचला अंधार पडतो."

"माझ्यासाठीसुद्धा ते दोन दिले नाहीस?"

"तुझ्यासाठी दिले असते, तर ते गुण खरे राहिले नसते." त्यानं हेल्मेट चढवलं. "महापौरांनी उद्या बोलावलंय. बहुतेक पोहावं लागेल."

तिला हसू आलं. पण तो पेडलवर पाय ठेवतोय हे दिसलं आणि ते हसू गेलं.

"रीस... वाट बांधून व्हायला दोन वर्षं लागतील."

"माहीत आहे."

"दोन वर्षं तू त्याच रस्त्यानं येणार. आणि मी खिडकीशी..." पुढचं बोलणं अवघड होतं. तरी ती बोलली. "मला फार भीती वाटते. तुझं नाव कळायच्या आधीपासून वाटते. आता तर झोपही लागत नाही."

त्यानं पेडलवरचा पाय खाली घेतला. "टेकडीमागून एक जुना शेतरस्ता आहे. तिकडं ट्रक जात नाहीत. पण चार मैल लांब पडतो. उशीर होईल मला."

मारेननं त्याच्या हनुवटीखालचा पट्टा नीट आवळला.

"होऊ दे उशीर," ती म्हणाली. "पण ये."