हानीनला पोचवताना

दार उघडलं तेव्हा सलवानी हानीनच्या बुटाचा बंद बांधत होती. आतून आधी सलवानीची थोरली बहीण रुहाना आली, हानीनची आई. डोळे लाल... कुणाकडे न बघता ती थेट जिना उतरून गेली. मागोमाग रुहानाचा नवरा फौझान निघाला, तो दुसऱ्या जिन्याने. शरिया कोर्टाच्या व्हरांड्यात उरली पाच वर्षांची हानीन, तिची मावशी, आणि समोरच्या बाकावरून उठलेला एक उंच, अवघडलेला तरुण.

"तुम्ही... त्यांच्याकडच्या?"

"आणि तुम्ही त्यांच्याकडचे," सलवानी म्हणाली.

"पाक सू!" हानीन त्याच्या पायाला बिलगली. सगळ्यात धाकट्या काकाला पाक सू म्हणायचं, धाकट्या मावशीला माक सू. हाझिम हा फौझानचा धाकटा भाऊ. सहा वर्षं समुद्रापलीकडे सबाहला नोकरी करून नुकताच तेरेंगानूला परतला होता, म्हणून सलवानीने त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

काडीमोडाच्या अटींवर समेट घडवणाऱ्या कोर्टाच्या बाई फायली घेऊन बाहेर आल्या. "बोलणं संपलं म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. ठरलंय ते आता कागदावर येईल, दोघं वाचतील, सह्या करतील, मग न्यायाधीशांचा शिक्का. पोर आईकडे, शुक्रवार-शनिवार बापाकडे. पण इतक्यात ही दोघं एकमेकांसमोर उभी राहायची नाहीत. पोरीची ने-आण कुणीतरी करायला हवी."

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

मग दर शुक्रवारी सकाळी नदीकाठच्या धक्क्यावर सलवानी हानीनला सोडायची, शनिवारी संध्याकाळी हाझिम तिला परत आणायचा. सुरुवातीला दोनच वाक्यं. जेवली आहे. औषध पिशवीत आहे. पण पलीकडे फौझानच्या घराकडे नेणारी होडी कधीच वेळेवर यायची नाही, आणि शेजारी माशाच्या कांड्या तळणारी म्हातारी फार चौकस.

"माक सू, पाक सू... छान! लग्नाला किती वर्षं झाली?" तिने एकदा विचारलं. मावशीच्या नवऱ्यालाही पाक सूच म्हणतात, त्यात तिची काय चूक?

सलवानीचे कान तापले. "तुम्ही हसलात."

"मी? छे!"

"हसलात. मी पाहिलं."

"म्हणजे बघत होतात तर!" हाझिम म्हणाला. "आता हसायलासुद्धा न्यायाधीशांचा शिक्का लागतो का?"

तिला ओढणी सावरावी लागली, वारा नसताना.

सगळे शुक्रवार असे नव्हते. एकदा हानीनने होडीत पाय ठेवायलाच नकार दिला. "मी गेले की आई रडते ना?" सलवानी पाठ फिरवून नदीकडे बघत राहिली.

"भाऊसुद्धा..." हाझिम हळूच म्हणाला. "ही परत गेली की हिची उशी उन्हात घालू देत नाही. वास जाईल म्हणतो."

इतके महिने सलवानीने फौझानला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी तिला एकही आठवली नाही.

कोर्टाचा हुकूम झाला त्या आठवड्यात धक्क्यावर हाझिमने चहाचा पेला उगाच दोनदा फिरवला. "आमची माणसं तुमच्या दारात एकदा मागणी घेऊन आली होती, आणि त्याचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं. पुन्हा यायला तोंड नाही. तरी... येऊ? तुझ्यासाठी?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता तो.

"काकला विचारल्याशिवाय नाही," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला, रुहानाला, ती काक म्हणायची. "आणि ती नको म्हणाली, तर नको."

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मान्य."

रुहाना कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकलं, हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. "अख्खं तेरेंगानू सोडून तुला तेच घर सापडलं?"

"काक, मी शोधायला गेले नव्हते..."

पुढे आठवडाभर रुहाना बहिणीशी एक शब्द बोलली नाही. सलवानीने मनाची तयारी केली. हाझिमला काय सांगायचं, कसं सांगायचं, सगळं घोकून ठेवलं.

शुक्रवारी मात्र रुहानाच हानीनचा हात धरून पुढे निघाली. धक्क्यावर ती हाझिमसमोर उभी राहिली. त्याने मान खाली घातली.

"तुझ्या आईला म्हणावं, या. पण फौझानलाही आणायचं. लपूनछपून नको. आई-बाबा एका खोलीत बसू शकतात, हे माझ्या पोरीला दिसू दे." तिने हानीनचा हात हाझिमच्या हातात दिला. "आणि दार मी उघडेन."

सलवानीला घोकलेलं काहीच बोलावं लागलं नाही. तिने बहिणीच्या खांद्यावर कपाळ टेकलं... आणि त्या खांद्यावरून, भरल्या डोळ्यांनी, हाझिमकडे पाहिलं.