मागचं डावं चाक

कारखान्यातली मोजमापाची उपकरणं तपासण्यासाठी माझ्या टेबलावर येतात. कुठलं खरं बोलतंय आणि कुठलं खोटं, ते मी ठरवतो. त्यामुळे आमच्या गाडीचे टायर बदलायला झालेत हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चारही टायरांच्या खाचा दोन मिलिमीटरच्या खाली गेल्या होत्या, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी मनात येईल तिथे थांबायची.

तरी बायकोने सांगितलंच. "भाऊजीपण बदलतायत. त्यांनी बारमाही टायर बघून ठेवलेत म्हणे. तू त्यांनाच विचार ना."

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, माझा साडू. त्याची गाडी अगदी आमच्यासारखी, रंगसुद्धा तोच. त्याने ती आमच्या महिनाभर आधी घेतली, म्हणजे नक्कल कुणी केली ते उघड आहे. त्या दोघांना मूलबाळ नाही. दर शनिवारी तो आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला पोहायला नेतो आणि ती काकाचे विनोद तोंडपाठ करून घरी येते. रोज शाळेत सोडतो मी. माझ्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत गप्प बसते. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं.

मी साडूच्याच टायरवाल्याकडे गेलो. तो साठीचा होता. दुकानात नव्या रबराचा कडवट वास भरला होता. त्याने दोन नमुने जमिनीवर आडवे टाकले. "हा कडक रबराचा. खूप चालेल, पण थंडीत रस्ता धरणार नाही. हा मऊ. आवाज करणार नाही, पाणी छान बाजूला फेकेल, पण लवकर झिजेल."

"मधला नाही का?"

"बारमाही म्हणजे सगळं थोडं थोडं," तो म्हणाला आणि मागून तिसरा घेऊन आला. मी खाचा मोजल्या, बाजूवरचे आकडे वाचले आणि तोच ठरवला.

मग त्याने खिशातून खडू काढला. "गाडीत कोण कुठे बसतं?"

"कशाला?"

"वजन वेगळं, झीज वेगळी. लिहून ठेवतो मी."

मी सांगत गेलो, मुलगी मागे डावीकडे बसते तेसुद्धा, आणि तो एकेका टायरवर लिहीत गेला. बाबा. आई. मुलगी. रिकामं. लिहीत होता टायरच्या आतल्या बाजूला, जिथे चाक बसल्यावर कुणाची नजर पोचणार नाही. मग हे वाचणार कोण, असं मी विचारलं. त्याला ऐकू गेलं नसावं.

भिंतीशी तसेच आणखी चार टायर रचून ठेवले होते. मी वाकून पाहिलं. काका. मावशी. भाची. रिकामं.

"हे तुमच्या साडूंचे. उद्या बसवायचेत."

मी 'भाची' या अक्षरांकडे बघत राहिलो. चार चाकांतलं एक त्याने खुशाल माझ्या मुलीला देऊन टाकलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाजूवर टायर बनल्याचा आठवडा छापलेला असतो. तो वाचला, तर त्याचे टायर माझ्यापेक्षा पाच आठवडे नवे होते. मला निमित्त मिळालं.

"हे चार मला बसवा. साडूशी बोलणं झालंय माझं." बोलणं वगैरे काही झालं नव्हतं.

टायरवाल्याने हातातला खडू खिशात ठेवला. "यांच्यावर लिहून झालंय."

"खडूच आहे ना? पुसा की."

त्याने पुसलं नाही. "मग तुमचे त्यांना बसवतो," एवढंच म्हणाला.

"बसवा."

टायर उत्तम निघाले. गाडीचा आवाज येईनासा झाला. दुसऱ्याच दिवशी सिग्नलला थांबलो असताना मी सहज काहीतरी बोललो आणि मुलगी खो खो हसली. "काका, तूपण ना!" म्हणाली आणि शाळा येईपर्यंत बडबडत राहिली. तिच्या लक्षातही आलं नाही. सवयीने गेलं असेल तोंडून, असं मी स्वतःला समजावलं.

त्या आठवड्यात बायको गाडीत बसल्याबसल्या म्हणाली, "भाऊजी, काच जरा वर घ्या ना."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. घराशी उतरल्यावर म्हणाली, "किल्ली घेतलीस ना तू?"

रविवारी मी गेज घेऊन चाकांपाशी बसलो. खाचा सारख्या, हवा सारखी. खोट काढावी असं काही नव्हतंच.

टायर तेव्हाच काढून टाकता आले असते. दुकान दहा मिनिटांवर होतं. पण मुलगी आता पुढच्या दोन सीटांच्या मधून मान काढून मला शाळेतलं सगळं सांगायची. कुणाशी कट्टी, कोणत्या बाई रागावल्या. इतकी वर्षं जे साडूला फुकट मिळत होतं ते मला मिळत होतं. मी टायर काढले नाहीत.

मग ती लिफ्टमध्येही काका म्हणायला लागली. मग जेवताना.

शनिवारी साडूचा फोन आला नाही. पोहायला मीच नेलं. परत आलो तर आमच्या जागेवर त्याची गाडी उभी होती.

दार त्यानेच उघडलं. अंगात घरातले कपडे, पायांत माझ्या चपला.

"बाबा, काकाने मला सूर मारायला शिकवलं!" मुलगी त्याला म्हणाली.

त्याने तिची पिशवी घेतली. तिचे ओले केस, माझ्या हातातला तिचा हात, सगळं पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. इतकी वर्षं ती माझी होती.

"बसा ना भाऊजी," बायको आतून म्हणाली. "चहा टाकते."

"नको, निघतो."

"ताईला सांगा, उद्या येतो आम्ही."

"सांगतो," मी म्हणालो.

खाली येऊन गाडी सुरू केली आणि वर पाहिलं. मुलगी खिडकीत उभी राहून हात हलवत होती. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत हलवत होती. माझ्यासाठी ती इतका वेळ कधीच थांबली नव्हती, आणि मला फार बरं वाटलं.