शिळा न होणारा वास

“आधी पुसून घे, यमुने. जुन्या वासावर नवा प्रयोग मांडायचा नाही.”

शेवडेबाईंना जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी डॉ. यमुना पत्कींच्या कानात हे वाक्य रोज सकाळी वाजायचं. गंधरसायन शिकवताना शेवडेबाई नाकापेक्षा फडक्याला मान देत. यमुनाबाईंनी तो धडा इतका मनावर घेतला, की देवघर त्या प्रयोगशाळेच्या काटेकोरपणाने पुसत आणि प्रयोगशाळा देवघराच्या सोवळ्याने. सकाळी पूजेआधी एकदा आणि दुपारी बाराला नैवेद्याआधी एकदा, उंबरे, दारांच्या कडा, सज्जाचा कठडा, सगळं त्यांनी स्वतः शोधलेल्या गंधमार द्रावणाने कोरं करायचं. दुपारच्या पुसण्यासाठी त्या प्रयोगशाळेतून मुद्दाम घरी येत. ज्याला वास येतो ते अर्धवट पुसलेलं असतं, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान होतं, आणि त्यात न बसणाऱ्या, म्हणजे अर्धवट पुसलेल्या, माणसांना त्या ‘भिजकी’ म्हणत.

संस्थेने प्रयोगशाळा सोलापूरबाहेरच्या मेघडंबरी वसाहतीत हलवली, तेव्हा त्याही आपल्या दोन मांजरींना घेऊन तिथल्या तिसऱ्या मनोऱ्यात सतराव्या मजल्यावर राहायला आल्या. थोरली तगर, पांढरीशुभ्र आणि आगाऊ. धाकटी पिठी, राखाडी, दबकी, पावलांचा आवाजही मागून घेतल्यासारखी चालणारी. यमुनाबाईंनी माणसांवर जी माया केली नव्हती ती सगळी या चार वर्षांच्या पिठीवर साचली होती.

मेघडंबरीचे तीन मनोरे झुलत्या साकवांनी जोडलेले होते आणि त्यांच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत वेली चढवलेल्या होत्या. वेली आल्या, वेलींत उंदीर आले, उंदरांनी आतल्या प्रकाशतारा कुरतडल्या. विष घालावं तर वेली मरणार. तेव्हा रहिवासी समितीने तीन तास चर्चा करून उंदीर मांजरांच्या हवाली केले आणि चहा पिऊन उठली. आता चाळीसेक बेवारशी मांजरं साकवांवरून बिनदिक्कत हिंडत होती आणि समिती त्याला ‘जैविक व्यवस्था’ म्हणत होती.

त्या व्यवस्थेचा म्होरक्या होता तुटक्या कानाचा एक पिवळा बोका. रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास तो यमुनाबाईंच्या सज्जाच्या कठड्यावर हजर व्हायचा, नेमकी त्याच वेळी पिठी तिथे असायची, आणि मग असा काही कल्लोळ उठायचा की देवापुढची समईसुद्धा दचकावी. दोन आठवड्यांत पिठीचं नाक फाटलं. तिसऱ्या आठवड्यात तिने ताटली निम्मी ठेवायला सुरुवात केली. पशुवैद्याने सांगितलं, “मांजर चार दिवस पूर्ण उपाशी राहिलं की यकृत धोक्यात येतं, मॅडम. तिची भीती जायला हवी. त्याला माझ्याकडे इंजेक्शन नाही.”

बोक्याला खायला कोण घालतं हे शोधायला वेळ लागला नाही. साकवाच्या पलीकडच्या टोकाला, दुसऱ्या मनोऱ्यात, भीमाशंकर होनराव राहत. चादरींच्या कारखान्यात चाळीस वर्षं मागावर काढलेला विधुर माणूस. दारात पाच-सहा वाट्या मांडलेल्या, जाजमावर केसच केस. यमुनाबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

“तुमचा बोका आवरा, होनराव.”

“माझा कुठला, बाई? तो पैलवान स्वतःचाच हाय. माझ्याकडं नुसता जेवायला असतोय.”

“माझ्या मांजरीचं नाक फाडलंय त्याने.”

“आणि तुमच्या मांजरीनं त्याचा डोळा सुजवलाय. मी आलो का तक्रार घेऊन?” होनराव हसले. “नवं घर हाय. जमतंय हळूहळू. तेवढं ते तुमचं फडकं जरा—”

“माझ्या स्वच्छतेबद्दल तुम्ही बोलू नये.” त्यांनी जाजमाकडे एक नजर टाकली. त्या नजरेत पूर्ण वाक्य होतं.

“मग नाही बोलत,” होनराव म्हणाले आणि वाटीत दूध ओतू लागले.

अडाण्यांशी वाद घालण्यापेक्षा रसायनाशी बोलावं, असं म्हणत यमुनाबाई प्रयोगशाळेत परतल्या. त्यांचा जुना विद्यार्थी इरफान मुजावर आता तिथेच संशोधक होता. प्राण्यांच्या गंधखुणा हाच त्याचा विषय.

“मुजावर, मांजर आपली हद्द कशी राखतं ते सांग. थोडक्यात. पुस्तक वाचून दाखवू नकोस.”

“हद्द राखत नाही, मॅडम. वेळ राखतं.” मुजावरने गंधवाचकाचा पडदा त्यांच्यासमोर वळवला. “मांजर गाल घासतं, पंजाने ओरखडतं, त्या खुणेत दोन गोष्टी असतात. कोण आलं होतं, आणि किती वेळापूर्वी. हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. अत्तराची पहिली झुळूक जाते आणि बूड उरतं ना, तसंच. दोन्हींच्या प्रमाणावरून पुढच्या मांजराला कळतं, की अमुक इथून तीन तासांपूर्वी गेलं.”

“आणि मग?”

“खूण शिळी असेल तर ते खुशाल पुढे जातं. ताजी असेल तर थांबतं, नाहीतर वाट बदलतं. एकाच वाटेवरून दहा मांजरं पाळ्या लावून जातात आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत. भांडण हा त्यांचा स्वभाव नाही. भांडण म्हणजे वेळापत्रक चुकणं.”

यमुनाबाईंच्या मनात प्रयोग तिथेच मांडून झाला होता. “म्हणजे खूण कधीच शिळी झाली नाही, तर परकं मांजर कधीच येणार नाही.”

“तत्त्वतः. पण खूण शिळी होणारच.”

“तुझी होईल.”

तीन आठवड्यांत त्यांनी गंधलेप सिद्ध केला. तगरच्या गालाचा गंध रेणू रेणू जुळवून तयार केला आणि एका सच्छिद्र स्फटिकात कोंडला. त्या स्फटिकाचं नाव त्यांनी ‘कालबंध’ ठेवलं. हलके आणि जड रेणू तो एकाच ठरलेल्या प्रमाणात सोडत राहतो. त्यामुळे लेपाची खूण दर क्षणी एकच गोष्ट सांगते: तगर आत्ताच इथून गेली.

“किती टिकेल?” मुजावरने विचारलं.

“नऊ वर्षं. गिलाव्यात बोटभर मुरतो. त्याच्यावर गंधमारसुद्धा चालत नाही, मुद्दाम तसा केलाय.”

“आणि मॅडम, काढायचा झाला तर?”

“काढायचा कशाला? तू लग्नाच्या मांडवात घटस्फोटाचा वकील शोधणाऱ्यातला दिसतोस.”

मुजावर ओशाळून हसला. उंबरे, चौकटी, भिंतींचे कोपरे, सज्जा, कठडा, सगळीकडे लेप लागला. माणसाच्या नाकाला काहीच जाणवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडेबाराला पैलवान साकवावरून आला, कठड्यापासून हातभर अंतरावर थबकला, नाक वर करून हवा चाखली आणि मागे वळून निघून गेला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. आठवडाभरात सतराव्या मजल्याच्या त्या बाजूला एकही परकं मांजर फिरकेना. यमुनाबाईंनी समितीला दोन ओळींचं पत्र पाठवलं: ‘तीन तासांच्या चर्चेने जे झाले नाही ते तीन डबे लेपाने झाले. कळावे.’

तगर तर राणी झाली. घरभर शेपूट उभारून फिरायची.

पिठी मात्र धुण्याच्या यंत्राच्या पिंपात जाऊन बसली. आधी यमुनाबाईंना वाटलं, जुनी भीती आहे, निवळेल. त्यांनी ताटली तिथे नेली. पिठीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं, तर पिठीने त्यांच्या हाताचा वास घेतला, कान पाडले आणि त्यांच्यावर फिस्कारली. चार वर्षांत पहिल्यांदा. मग मांडीवरून उडी मारली, पोट जमिनीला घासत सज्जा ओलांडला आणि साकवावरून दिसेनाशी झाली.

यमुनाबाई अनवाणीच धावल्या. दोन मनोऱ्यांचे जिने पालथे घातले. वेलींत हात घालून हाका मारल्या. “पिठे, ये गं, ये माझी बाय,” हे शब्द आपल्या तोंडून चारचौघांत निघताहेत याचंही त्यांना भान राहिलं नाही. शेवटी मुजावरला फोन लावला.

“पिंपात बसली होती?” त्याने विचारलं. “पिंप पोलादी आहे, मॅडम. त्याच्यावर लेप बसत नाही.”

“मग?”

“घरात दोन मांजरं असली की तीही पाळ्या लावतात. खिडकी सकाळी एकीची, दुपारी दुसरीची. आता तुमच्या घरातली प्रत्येक जागा पिठीला सांगतेय, तगर आत्ताच इथे होती. तिला पाळीच उरली नाही. चोवीस तास तगरचेच आहेत.”

“मी तगरला दुसरीकडे ठेवते. आजच.”

“उपयोग नाही. तगर गेली काय, मेली काय, भिंती नऊ वर्षं तेच सांगणार. आणि तुम्ही त्या घरात राहता. तुमच्या हाताला, कपड्यांना तेच लागलंय.”

पिठी सापडली तिसऱ्या दिवशी, होनरावांच्या घरी. केसांनी भरलेल्या त्या जाजमावर बसून ती मासळीचा भात खात होती. यमुनाबाई या वेळी उंबऱ्याबाहेर थांबल्या नाहीत, सरळ आत आल्या. पिठीने मान वर केली, वास घेतला आणि झटक्यात पलंगाखाली गेली.

“पुढं येऊ नका,” होनराव हळूच म्हणाले. “तुमच्या अंगाला तिचा काळ लागलाय असं वागतीय ती. बसा तिथंच.”

त्या बसल्या. तेवढ्यात खिडकीतून पैलवान आत डोकावला. यमुनाबाई अर्धवट उठल्या. बोक्याने चौकटीला नाक लावलं, जरा विचार केल्यासारखं केलं आणि आल्या वाटेने निघून गेला.

“गेला?” त्या म्हणाल्या.

“चारपर्यंत खिडकी त्याची. आता पाच वाजायला आले, तिची पाळी हाय. चुकून आला, वास घेतला, गेला. दोन दिवसांत लावून घेतलं दोघांनी.”

“दोन दिवसांत?” तिकडे लेप लागेपर्यंत सहा आठवडे नुसती मारामारी चालली होती. “मग माझ्याकडे का नाही जमलं?”

होनरावांनी पंच्याने तोंड पुसलं. “तवा सांगायला लागलो तर तुम्ही जाजमाकडं बघितलं. तुम्ही रोज बाराला पुसत होता, होय की नाही? मला इथनं दिसायचं. कठडा असा चकचकीत करायचा. आणि साडेबाराला भांडण. मला काय तुमचं शास्त्र कळत नाही. पण कारखान्यात पाळीचा फळा असायचा. कुणी तो रोज दुपारी पुसून टाकला असता, तर आम्हीबी मागावर एकमेकांची डोकी फोडली असती.”

यमुनाबाईंनी मनातल्या मनात मांडणी केली. सकाळी पिठीने कठड्यावर खूण ठेवली, तिच्यामागून पैलवानाने. बाराला दोन्ही नाहीशा. साडेबाराला दोघांनाही कठडा रिकामा वाटतो, दोघंही एकाच वेळी येतात. बेचाळीस दिवस, बेचाळीस भांडणं. भिजकं माणूस कोण, याचं उत्तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही दिलं असतं, आणि त्यांनी त्यावर तीन डबे लेप फासला होता. ज्या बोक्याला हाकलण्यासाठी ही सारी बुद्धी खर्ची पडली, त्याला वेळापत्रक कळत होतं. त्यांना आपला फक्त नेम कळत होता.

“मला ती परत हवीय, होनराव.” आवाज त्यांना स्वतःलाही अनोळखी वाटला.

“ती तुमच्या घरात आता काय येत नाही. तुम्हाला यावं लागंल.” ते क्षणभर पलंगाखाली बघत राहिले. “तिला तुमचा वास ठाऊक तरी हाय का? तुम्ही तर सारखं धूत असता. आतापतोर तुम्ही तिला बिनवासाच्याच होता, बाई. आता तुम्हाला नुसता त्या दुसरीचा वास मारतोय.”

हे मुजावर बोलला असता तर त्यांनी त्याचं पद काढून घेतलं असतं.

“काय करायचं?”

“पाचची पाळी तिची. रोज पाचला यायचं, त्या कोपऱ्यात बसायचं. हाक मारायची नाही. तुमच्या त्या घरातलं कापड घालून यायचं नाही. दुसरीकडं कुठं एखादं पातळ ठेवा आणि तेच घाला, रोज. धुवायचं नाही. साबण नाही, ते औषधाचं पाणी नाही. माणसाचा वास लागू द्या त्याला.”

“तेच? न धुता?”

“तेच.”

“किती दिवस?”

“मला काय ठाऊक. एक दिवस चुकला की पहिल्यापासनं. मांजरात रजा नसतीय.”

चाळीस वर्षांत त्यांनी ओवळं वस्त्र अंगाला लावलं नव्हतं. त्यांनी पलंगाखाली पाहिलं. अंधारात दोन हिरवे ठिपके त्यांच्याकडेच रोखलेले होते, आणि त्यांत ओळख नव्हती.

“येईन,” त्या म्हणाल्या. “शब्द देते.”

“शब्द मला नको. तिला द्या,” होनराव म्हणाले आणि वाटी पलंगाजवळ सरकवली.

मुजावरकडून प्रयोगशाळेतलं एक सुती पातळ मागवून त्या तिथेच नेसल्या, आणि ती संध्याकाळ कोपऱ्यात बसून गेली. पिठी बाहेर आली नाही. रात्री त्यांनी ते पातळ न धुता प्रयोगशाळेतल्या खुंटीवर टांगलं.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला यमुनाबाईंनी प्रयोगशाळेतलं टिपण अर्ध्यावर बंद केलं. नळाकडे गेलेला हात मागे घेतला. मुजावर काही विचारेल म्हणून त्या थांबल्या, पण त्याने मुद्दामच पडद्यावरून नजर उचलली नाही. त्यांनी आतल्या खोलीचं दार लावलं, खुंटीवरचं ते पातळ, घामाने खांद्यापाशी किंचित कडक झालेलं, खाली घेतलं आणि नेसायला लागल्या. मग केस नीट करून, कोणाला काही न सांगता, साकवाच्या दिशेने चालू लागल्या.